राखाडी पट्टा

"पट्टा कुठी आहे?"

कोणी काहीही भविष्य वर्तवलं की मॅडम एवढंच विचारायच्या. विचारताना बोटानं हवेत एक सरळ रेघ ओढायच्या. मग दोन्ही तळवे त्या न दिसणाऱ्या रेघेच्या वर-खाली धरून पुढे पुढे नेत जायच्या आणि नेता नेता हात फाकवायच्या. शिपाई म्हणाला, "अवंदा धान जोरदार होईल," की हात फाकले. प्राचार्य म्हणाले, "पुढच्या महिन्यात वर्गात पंखे नक्की लागतात," की हात फाकले. प्राचार्यांना बरेच दिवस तो योगासनाचा प्रकार वाटत होता.

तुमच्याही कॉलेजात, ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याच्यासमोर 'नक्की' हा शब्द उच्चारायची सोय नसते. आमच्याकडे त्या होत्या.

आमचं कॉलेज भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सानगडीच्या रस्त्यावर. मी तिथं भूगोल शिकवत होते, अजूनही शिकवते. मॅडम संख्याशास्त्र शिकवायच्या, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे दरवर्षी नवी ऑर्डर निघाली तर नोकरी, नाही निघाली तर नाही. असा माणूस जरा जपून बोलेल, वरिष्ठांसमोर मान हलवेल असं आपल्याला वाटतं. मॅडमच्या मानेला ती सवयच नव्हती.

बांधा ठेंगणा, चाल भरभर. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. लॅपटॉपसाठी त्यांनी धानाच्या पोत्याची पिशवी शिवून घेतली होती आणि तिला आतून जुन्या गोधडीचं अस्तर होतं. माहेर पवनी तालुक्यातल्या कोंढ्याचं. माहेर म्हणते खरी, पण सासर नव्हतंच. लग्न केलं नव्हतं. बसस्टँडमागच्या दोन खोल्यांत आईबरोबर राहायच्या.

आई त्यांच्याहून वस्ताद. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा चहा देता देता म्हणाल्या, "एक पाव्हना आला होता पोरीले पाहाले. पोरगी काय करते म्हने. म्या म्हटलं, भविष्य सांगते. त्यानं हातच पुढं केला न बाप्पा!"

मॅडम आतून ओरडल्या, "माय, तू कायले सगळ्यायले तेच सांगतं?"

"खरं आहे म्हनून सांगतो," आई म्हणाल्या आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

मॅडमचं राज्य म्हणजे कॉलेजची कॉम्प्युटर लॅब. राज्य कसलं, ऑफिसानं टाकून दिलेली यंत्रं तिथं आणून ठेवली होती. एकाचा पडदा मोठा, एकाचा बारका, एकाच्या कळफलकावरची अक्षरं पुसून गेलेली. लाइट गेली की सगळे यूपीएस एका सुरात टुंय टुंय करायचे आणि मॅडम ओरडायच्या, "सेव्ह करा गं, सेव्ह करा!"

त्या यंत्रांवर त्यांनी एक सॉफ्टवेअर चढवलं होतं. नाव एकाच अक्षराचं, आर. आकडे द्यायचे, दोन ओळी लिहायच्या, की ते आलेख काढून देतं. ते फुकट मिळतं याचा मॅडमना फार अभिमान. "कोनाची सही नाही, कोनाची मंजुरी नाही. उतरवा आन बसा," असं त्या सांगायच्या. कॉलेजात सही-मंजुरीशिवाय मिळालेली ती एकमेव गोष्ट असावी.

वर्गात त्या पुस्तकातली मराठी बोलायच्या. लॅबचा उंबरा ओलांडला की थेट झाडीबोलीत उतरायच्या. एखाद्या मुलीकडून स्वल्पविराम राहून गेला, की पडद्यावर लाल अक्षरात चूक दाखवली जायची. पोरगी घाबरून हात मागे घ्यायची. मॅडम तिच्या खुर्चीमागे उभ्या राहायच्या.

"तो चिडला नाही गं, इचारून राहिला. वाच न काय इचारते ते."

पण यंत्राला हात लावण्याआधी त्या मुलींना दोरा धरायला लावायच्या. भिंतीवर मोठा आलेखाचा कागद, त्यावर ठिपके. दोघी जणींनी दोन टोकांना सुती दोरा ताणून धरायचा आणि ठिपक्यांच्या गर्दीतून असा न्यायचा की तो सगळ्यांच्या शक्य तितक्या जवळून गेला पाहिजे. मुली भांडायच्या. "वर घे न, तो ठिपका एकटा पडला." "तुह्या एकासाठी सगळे सोडू काय?" मॅडम बाजूला उभ्या राहून ऐकत. म्हणत, "रेघेले सगळ्यायचं ऐका लागते. आन कोनाचंच पूर्ण ऐकून चालत नाही."

मग तेच आकडे यंत्रात जायचे. पडद्यावर आधी ठिपके उमटायचे, मग त्यांच्यामधून जाणारी निळी रेघ. मॅडम आणखी एक ओळ लिहायला लावायच्या आणि ती रेघ अजून न आलेल्या वर्षांत तुटक तुटक पुढे जायची. शेवटी रेघेभोवती राखाडी रंगाचा पट्टा पसरायचा. जिथं माहिती होती तिथं अरुंद, आणि जिथं नुसता अंदाज होता तिथं रुंद रुंद होत जाणारा.

"रेघ म्हंजे आपला अंदाज," त्या सांगायच्या. "आन पट्टा म्हंजे आपला इमानदारपना. खरं काय होईल ते ह्या पट्ट्यात कुठीबी असू शकते. पट्टा न दाखवता रेघ दाखवली तं ते खोटं बोलनं झालं."

एकदा मुलींना त्यांनी आपापल्या गावची कुठलीही माहिती आणायला सांगितली. कोणी बोडीतल्या, म्हणजे शेततळ्यातल्या, पाण्याची खोली आणली, कोणी कोंबडीची अंडी. एकीनं आपल्या गावाहून येणारी सकाळची एसटी रोज किती उशिरा येते ते लिहून आणलं. रेघ काढली, पुढे ओढली, तर काही वर्षांनी ती गाडी दुसऱ्या दिवशी येणार असं निघालं. सगळी लॅब हसली. मॅडमना तर हसून ठसका लागला. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "हसा, पन ध्यानात ठेवा. रेघ ओढली का ओढतच जाते. तिले थांबा लागते हे समजत नाही. ते आपल्याले समजाले पायजे."

हे सगळं मी माझा तास नसला की लॅबच्या दारात उभी राहून पाहायची. पावसाचे आकडे शिकवत माझी इतकी वर्षं गेली, पण ठिपक्यांकडे बघून कोणाला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मग तो उन्हाळा आला.

संख्याशास्त्र घेणारे विद्यार्थी दरवर्षी कमी होत चालले होते. मुलांचा ओढा दुसऱ्या विषयांकडे, मुलींचा नर्सिंगकडे, आणि बऱ्याच घरांचा ओढा बारावीनंतर मुलीचं लग्न उरकण्याकडे. संस्थेला हा विषयच बंद करायचा होता. प्राचार्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं, मागच्या वर्षांचे प्रवेश घ्या आणि पुढे काय होईल त्याचा आलेख काढून द्या, बैठकीत ठेवायचा आहे.

थोडक्यात, त्यांच्याच नोकरीचं मरण त्यांनाच काढून द्यायला सांगितलं होतं.

मी म्हटलं, "तुम्ही कशाला काढता? सांगा, जमत नाही म्हणून."

"काहून? मले जमते," त्या म्हणाल्या आणि लॅपटॉप उघडून बसल्या.

मी शेजारी बसले होते. ठिपके उमटले, प्रत्येक आधीच्यापेक्षा खाली. रेघ घसरगुंडीसारखी उतरली आणि तुटक होऊन पुढे थेट शून्याला जाऊन टेकली. मॅडम तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, आपल्याच पोरानं दुसऱ्याच्या घरी जाऊन खोडी काढावी तसा राग होता.

"आपल्याच घराची रेघ आहे, ताई," त्या म्हणाल्या. "तरी वाकडी काढता येत नाही."

मग त्यांनी पट्टा काढला. आकडे थोडे असल्यामुळे पट्टा चांगलाच रुंद आला. त्याची वरची कड आजच्या संख्येच्याही वर गेली, आणि खालची कड शून्याच्या खाली घुसली.

प्राचार्यांनी आलेख हातात घेऊन चष्मा वर केला. "मॅडम, हे शून्याच्या खाली काय? उणे विद्यार्थी म्हणजे कोण?"

"आता शिकून राहिले तेबी पळून जातील, सर," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. प्राचार्यांना हसावं की नाही ते कळेना.

खरी अडचण संस्थेच्या सचिवांची झाली. सचिवांची राइस मिल होती. माणूस वाईट नव्हता. सकाळी मिलमध्ये आणि दुपारी कॉलेजात अशी त्यांची विभागणी, आणि दोन्हीकडे घाई. त्यांनी मॅडमना ऑफिसात बोलावलं. मी माझ्या रजेच्या अर्जासाठी तिथंच उभी होते.

"रेघ मस्त आहे," सचिव म्हणाले. "फक्त हा राखाडी पट्टा काढून टाका. सदस्य गोंधळतात. त्यायले एक आकडा पायजे."

"एक आकडा नाही आहे, साहेब."

"रेघ तुमीच काढली ना?"

"मीच काढली. खरी काढली. पट्टाबी खराच आहे. अर्धं खरं कसं देऊ?"

सचिव खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, पुढच्या सालची तुमची ऑर्डर काढाची का नाही, तेबी मलेच पाहा लागते."

माझ्या हातातल्या अर्जाची घडी आणखी बारीक झाली. मॅडमनी पिशवी खांद्यावर घेतली.

"पाहा न जी. पन पट्टा राहील."

बैठक झाली तेव्हा प्राध्यापकांची प्रतिनिधी म्हणून मी आत होते. मॅडमना बोलावलेलं नव्हतं. सदस्य म्हणजे गावातली वजनदार मंडळी, बहुतेक शेतीवाले, दोघे-तिघे दुकानदार. चहा झाला. आता आलेख दाखवायचा तर प्रोजेक्टर चालू होईना. वायर काढून लावली, पुन्हा लावली. भिंतीवर निळा चौकोन, बाकी काही नाही. शेवटी नाइलाजानं प्राचार्यांनी शिपायाला पाठवलं, "मॅडमना बोलवा."

मॅडम आल्या. एक बटण दाबलं, आलेख भिंतीवर आला. त्यांनी वर पाहिलं. रेघ त्यांची होती, ठिपके त्यांचे होते. पट्टा नव्हता. ऑफिसातल्या कोणीतरी दुसऱ्या प्रोग्राममध्ये नुसती रेघ उतरवून घेतली होती.

त्यांनी ऑफिसच्या लॅपटॉपची वायर काढली, धानाच्या पोत्याच्या पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला आणि प्रोजेक्टरला जोडला. सचिव म्हणाले, "मॅडम, तुमचं काम झालं, आता..." तोवर भिंतीवर ठिपके उमटायला लागले होते.

"पाच मिनटं द्या, साहेब. प्रोजेक्टर मीच चालू केला, तेवढं तं देसान."

कोणीतरी हसलं. मॅडमनी एक ओळ लिहिली, रेघ आली. दुसरी ओळ लिहिली, ती शून्याला भिडली. तिसरी लिहिली आणि राखाडी पट्टा भिंतभर पसरला. मोठ्या भिंतीवर तो पट्टा खरोखर केवढा होता! पूर आलेल्या नदीसारखा.

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या सदस्यानं बोट दाखवलं. "हे वरतं गेलं, ते काय आहे? म्हंजे पोरं वाढूबी शकते?"

"शकते, बाबाजी. आन पूर्ण बंदबी पडू शकते. कोनतं होईल, हे ह्या रेघेले मालूम नाही."

"मंग कोनाले मालूम आहे?" सचिवांचा आवाज चढला होता.

"कोनालेच नाही. ही रेघ म्हनते, आतापर्यंत जसं चाललं तसंच चाललं तं काय होईल. आतापर्यंत आपन काय केलं? फाटकात बसून पोरायची वाट पाहिली. तेच करत राहिलो तं रेघ खरीच होईल, मी लिहून देतो. आपन काही केलं तं तिले ते मालूम नाही. तिच्या हिशेबात आपन नाहीच."

"आन करून पाहिलं, तरी नाही झालं तं?"

"तं लॅबले कुलूप मी सोता लावीन. एक साल द्या."

सचिव प्राचार्यांकडे पाहायला लागले, प्राचार्य भिंतीकडे. त्या म्हाताऱ्या सदस्यानंच शेवटी म्हटलं, "द्या न एक साल. पोरगी भांडून राहिली, आपल्याच कॉलेजसाठी भांडून राहिली ना." बाकीच्यांना तेवढंच पुरलं.

बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला. "भीती वाटली का?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "राग आला. माह्या रेघेचा पट्टा काढला म्हंजे काय! अंगावरचं लुगडं फेडल्यासारखं केलं."

त्या मे महिन्यात आम्ही दोघी त्यांच्या स्कूटीवर गावोगाव हिंडलो. आमच्याकडचा मे तुम्हाला माहीत असेल तर जास्त सांगायला नको. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, डोळ्यांवर काळा चष्मा, मागे मी आणि माझ्या मांडीवर लॅपटॉप. बांध्या, म्हणजे धानाची शेतं, भेगाळून पडलेल्या. पाऊस आला की रोवण्यात, धानाच्या लावणीत, सगळी माणसं चिखलात जातील, कोणाला उसंत मिळणार नाही, म्हणून आत्ताच जायचं असा मॅडमचा हिशेब होता.

घरोघर तीच उत्तरं. "पोरगी लई शिकून कुठी जाईल?" "गाडीचा टाइम बरोबर नाही." "नर्सिंगले टाकून देतो जी, नोकरी तं लागते." एका घरी तर आम्ही मुलीला पाहायला आलोय असं वाटून पोहे आले. मॅडमनी पोहे खाल्ले, मग खरं सांगितलं, आणि मुलीच्या आजीच्या शिव्याही खाल्ल्या. परत येताना म्हणाल्या, "पोहे मस्त होते पन."

सानगडीच्या बाजाराच्या दिवशीची एक गोष्ट माझ्या डोळ्यासमोर आहे. एका शेतकऱ्याची मुलगी बारावीला गणितात चांगली निघाली होती. बापाला आम्ही बाजारातच गाठलं. तो माठ घ्यायला आला होता आणि एकेका माठावर टिचक्या मारून पाहत होता.

"ह्या आकडेशास्त्रात काय शिकवता मॅडम?" त्यानं माठ खाली न ठेवता विचारलं.

मॅडमनी चहाच्या टपरीच्या बाकावर लॅपटॉप उघडला. "तुमच्या बांधीत मागच्या सालायले किती किती धान झाला? सांगा."

त्याला आठवेल तसं तो सांगत गेला. बाजारातली चार माणसं भोवती जमली. रेघ आली.

"पुढच्या साली किती होईल सांगा," मॅडम म्हणाल्या.

तो हसला. "पानी किती येईल ते तुमच्या मशीनले मालूम आहे काय?"

"नाही ना. म्हनूनच तं हा पट्टा," आणि त्यांनी पट्टा काढून दाखवला.

"मंग पोरीले कायले शिकवाचं? मालूम नाही, हे तं मलेबी मालूम आहे."

भोवतालची माणसं खदखदून हसली. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "तुमाले मालूम नाही, एवढं मालूम आहे. किती मालूम नाही, हे तुमची पोरगी सांगंल. किती धरून चालाचं आन किती हातचं राखाचं, ते सांगंल. ह्याच्यावरच बँका चालते, विमे चालते, सरकार चालते. तिथं बसनारे लोक नागपूर-पुण्याचेच काहून असाले पायजे? सानगडीची पोरगी काहून नाही?"

त्यानं माठावर आणखी एक टिचकी मारली. मग माठ खांद्यावर घेऊन म्हणाला, "येईल तं पाहा. पन गाडी चुकली तं घरी आनून सोडाचं काम तुमचं."

"माहं," मॅडम म्हणाल्या.

आणि खरंच, पुढच्या वर्षभरात गाडी चुकली की संध्याकाळी स्कूटीवर मागे एखादी पोरगी बसलेली दिसायची. एवढ्यासाठी त्यांनी मागच्या सीटला जास्तीचं फोम लावून घेतलं होतं.

प्रवेश संपले त्या दिवशी लॅबमध्ये आम्ही सगळे जमलो. मॅडमनी नवा ठिपका टाकला. तो रेघेच्या वर पडला, चांगलाच वर. मुलींनी टाळ्या वाजवल्या, मी पेढे काढले. मॅडम मात्र पडद्यात नाक खुपसून बसल्या होत्या.

"आतच आहे," त्या कुरकुरल्या.

"म्हणजे?"

"पट्ट्याच्या आत आहे, ताई. म्हंजे माहा अंदाज अजून खोटा पडला नाही. नशिबानंबी होऊ शकते हे. मले भायेर पायजे."

स्वतःचा अंदाज चुकला नाही म्हणून चिडलेलं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. विषय मात्र वाचला. त्यांची ऑर्डर निघाली. पुढच्या उन्हाळ्यात ओढणी, चष्मा, स्कूटी पुन्हा निघाली. या वेळी मागे मी कधी कधीच असायची, कारण सानगडीची ती मुलगी आणि तिच्या मैत्रिणीच आपापल्या गावात घरोघर जात होत्या.

त्या वर्षीचा ठिपका जुन्या पट्ट्याच्या बाहेर पडला. वर, मोकळ्या पांढऱ्या जागेत.

मॅडम तसाच उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून, आरतीचं ताट न्यावं तसा, सचिवांच्या ऑफिसात घेऊन गेल्या. दारातूनच ओरडल्या, "साहेब, मी खोटी पडली! पाहा, साफ खोटी पडली!" सचिवांनी आलेखाकडे पाहिलं, मग मॅडमकडे. पहिल्यांदाच मी सचिवांना हसताना पाहिलं. त्यांनी शिपायाला चहा सांगितला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. तुम्हालाही तसंच वाटत असेल.

पण विद्यार्थी वाढले, म्हणून विषयाला कायमचं पद मंजूर झालं. पद मंजूर झालं, म्हणून जाहिरात निघाली. जाहिरातीत पात्रता होती. पीएच.डी. नाहीतर पात्रता परीक्षा. मॅडमकडे दोन्ही नव्हतं. परीक्षा त्यांनी पूर्वी दिली होती, थोडक्यात हुकली होती. मग आई, तास, स्कूटी, गावं यांच्यात ती राहून गेली.

त्या तरीही मुलाखतीला गेल्या. नवी साडी, तेच कॅनव्हासचे बूट. बाहेर आल्यावर मी धावत गेले.

"इचारलं, संशोधन कायमधी आहे," त्या म्हणाल्या. "म्या म्हटलं, बंद पडनारा विषय चालू ठेवन्यामधी. लिहून नाही घेतलं त्यायनं."

निवड एका तरुण मुलाची झाली. हुशार होता, नम्र होता, त्याच्यावर राग धरण्यासारखं काही नव्हतं. मला मात्र सगळ्यांवर राग होता. मी निवेदन लिहायला घेतलं, सह्या गोळा करू म्हटलं. मॅडमनी कागद माझ्या हातून घेतला.

"नियम आहे, ताई. त्या पोरानं परीक्षा पास केली, म्या नाही केली. त्याच्या ताटातलं मी मागनार नाही."

"आणि तुमच्या ताटातलं गेलं त्याचं काय?"

त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी कागदाच्या चार घड्या केल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातल्या. टेबल हलायचं थांबलं.

सचिवांनी बोलावून घेतलं. या वेळी त्यांचा आवाज मऊ होता. "राहा न मॅडम, तासिकेवर. नवीन सर एकटे पडतील. तुमच्यासारखं कोन आहे?"

"ज्या खुर्चीसाठी मी लढली, तिच्या बाजूले स्टुलावर बसू काय साहेब?"

मॅडमनी हात जोडले, पण वाकल्या नाहीत.

निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही. "मी काही रिटायर नाही होऊन राहिली," म्हणाल्या. शेवटचा आठवडा नव्या सरांना लॅब समजावून देण्यात घालवला. कोणता यूपीएस खोटं टुंय टुंय करतो, कोणत्या यंत्राला डाव्या बाजूनं थाप मारावी लागते, कोणती पोरगी समजलं नसलं तरी मान हलवते. नवे सर वहीत लिहून घेत होते. "वही नोको," मॅडम म्हणाल्या, "पोरीकडं पाहा."

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात त्यांना जागा मिळाली. तीही तासिका तत्त्वावरच. मी विचारलं, "तिथं विद्यार्थी आहेत का पुरेसे?"

"नाही न," त्या म्हणाल्या. डोळे चमकत होते. "तिथंबी बंद करून राहिले म्हने."

निघाल्या त्या सकाळी मी त्यांना पोचवायला चुलबंद नदीपर्यंत गेले. एका छोट्या टेम्पोत खाट, कपाट, भांडी, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी आई. मॅडम स्कूटीवर सगळ्यात पुढे. पुलाजवळ काम चाललं होतं. रस्त्यावर आडवा बांबू बांधलेला आणि एक माणूस लाल कापड घेऊन उभा.

"रस्ता बंद आहे जी," तो म्हणाला. "फेऱ्यानं जा. वापस फिरवा गाडी."

मॅडम स्कूटीवरून उतरल्या. बांबूपलीकडे नुसती गिट्टी, मुरूम, मध्ये पाण्याची डबकी.

"पायी मानूस जाते का इथून?"

"पायी जाते. पन..."

"झालं तं मंग."

त्यांनी बांबू वर उचलला, त्या माणसाच्या हातात दिला आणि स्कूटी खालून पुढे काढली. मग टेम्पोच्या खिडकीपाशी परत आल्या. आईच्या कपाळावरचा पदर सारखा केला.

"तू फेऱ्यानं ये माय," म्हणाल्या. "मी तोवर घर झाडून ठेवीन."

मला काही बोलायचं होतं. त्यांनी माझा खांदा नुसता दाबला आणि वळल्या. टेम्पो मागे फिरला. लाल कापडवाला बांबू तसाच हातात धरून पाहत राहिला. स्कूटी गिट्टीवरून घसरली, थांबली. मॅडमनी खाली उतरून साडी खोचली, हँडल दोन्ही हातांनी पकडलं आणि गाडी ढकलायला लागल्या.